जासूदजोडी : फुलंब्रीच्या वाटेने होणाऱ्या दूरच्या धावेचा विचार

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे जुन्या औरंगाबादेहून, अजिंठ्याकडे निघाले असता सुमारे तीस किलोमीटरवर गिरिजा नदीच्या परिसरात फुलंब्री हे गाव लागते. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. उत्तर हिंदुस्थानातून बुऱ्हाणपूरमार्गे दख्खनेत उतरणारा प्रवासी तापीचे खोरे मागे टाकून फर्दापूरला येई, अजिंठ्याचा घाट चढे, सिल्लोड, आळंद व फुलंब्री ही गावे मागे टाकी आणि चौका व हर्सूल यांच्या बाजूने औरंगाबादच्या दिल्ली दरवाजाशी पोहोचे. फर्दापूर व अजिंठा येथील सराया या रहदारीची साक्ष आजही देतात. या वाटेने फौजा गेल्या, बैलांचे तांडे गेले, व्यापाऱ्यांचे काफिले गेले. परंतु या सर्वांना मागे टाकून जाणारी मंडळी निराळीच होती. त्यांच्याजवळ घोडा नसे, ओझे नसे, आणि बहुधा ती दोघे असत. मराठी कागदपत्रांत त्यांना ‘जासूदजोडी’ किंवा ‘कासीदजोडी’ असे नाव आहे. अनेक दिवस चालणारी दूर पल्ल्याची धाव सोबत्याबरोबर धावणे हा अलीकडे एक क्रीडाप्रकार झाला आहे. आपल्याकडे तो एके काळी पोटाचा धंदा होता. त्याची रीत काय होती व ती जोडीनेच का चाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करणे सोयीचे होईल. ‘कासीद’ हा शब्द अरबी असून एखादा हेतू धरून निघालेला असा त्याचा मूळ अर्थ आहे. ‘जासूद’ हाही मूळचा अरबीच. त्यात हेरगिरीची छटा असली तरी मराठी दप्तरांत पत्र घेऊन जाणारा निरोप्या याच अर्थाने तो अनेकदा येतो. ‘हरकारा’ अथवा ‘हलकारा’ हा फारसी शब्द, कोणतेही काम करणारा माणूस या अर्थाचा. यांतील सर्वांत बोलका शब्द मात्र ‘अजुरा’ होय. अजुरा म्हणजे ठरलेली मजुरी, आणि ती घेऊन ठराविक मुदतीत पत्र पोहोचविण्याचे पत्करणारा तो ‘अजुरदार’. दूरच्या धावेचे मोल दिवसांच्या हिशेबाने ठरविण्याची ही पद्धत लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच अवलंबून आहे. इंग्रजांच्या वखारींतील पत्रव्यवहारातही अशा पायी टपालवाल्यांच्या जोड्यांचे उल्लेख येतात. तेथे त्यांना ‘पट्टमार’ म्हटलेले आढळते. कोकणच्या किनाऱ्यावरील पतेमारी या जलद गलबताचे नाव याच शब्दाशी जोडले जाते. धावणाऱ्या माणसाचे नाव गलबताला मिळावे, ही गोष्ट गमतीची खरी. पण त्या माणसाच्या वेगाची कीर्ती किती होती हेही तीवरून कळते.

पायी डाक नेण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे होत्या, आणि त्यांची गल्लत झाल्याने पुष्कळ घोटाळा होतो. पहिली टप्प्याटप्प्याची. इब्न बतूता हा मोरोक्कन प्रवासी १३३३ साली सिंधूकाठी आला, तेव्हा त्याने ही पद्धत पाहून तिचे सविस्तर वर्णन केले. धावणाऱ्यांच्या चौक्या अगदी जवळजवळ असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र व दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी असे. घुंगरांचा आवाज दुरून ऐकू येताच पुढील चौकीवरचा माणूस कमर बांधून उभा राही आणि पत्र हाती पडताच धावू लागे. ही पायी डाक घोडेस्वारांच्या डाकेपेक्षाही जलद असे, असे तो स्पष्टपणे सांगतो. सुलतान महंमद तुघलक दौलताबादेस असे तेव्हा त्याच्यासाठी गंगेचे पाणीही याच रीतीने येई, आणि ते अंतर चाळीस दिवसांच्या प्रवासाचे होते, अशीही नोंद त्याने केली आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर उत्तरेकडून पाणी येत होते ते माणसांच्या पायांवर! मोगलांनी ही व्यवस्था पुढे चालविली. त्यांच्या राज्यकारभारात डाकचौकीचा स्वतंत्र दारोगा असे. अकबराच्या पदरी मेवातकडील एक हजार ‘मेवडे’ होते, व धावण्याबद्दल त्यांची ख्याती होती, असे ‘आईन-इ-अकबरी’त म्हटले आहे.

दुसरी पद्धत म्हणजे जोडीची. येथे चौक्या नाहीत, मार्गात वाट पाहणारा ताज्या दमाचा माणूस नाही. ज्या दोघांनी पत्र घेतले त्याच दोघांनी ते मुक्कामी पोहोचवावयाचे. टप्प्याची पद्धत जलद असते हे उघड आहे. पण तिला राज्य लागते. रस्ता आपल्या ताब्यात हवा, दर चौकीवरील माणसाचा पगार वेळेवर पोहोचला पाहिजे, आणि मधली एकही कडी तुटता कामा नये. जोडीला यांतले काही लागत नाही. दोन माणसे, शिदोरी आणि ठरलेला अजुरा एवढ्यावर ती परमुलखातून, प्रसंगी शत्रूच्या छावणीलगतूनही जाऊ शकते. अठराव्या शतकातील मराठ्यांचा पसारा पुण्यापासून पंजाबापर्यंत होता, पण या अफाट पट्ट्यातील सर्व मुलूख त्यांच्या निर्वेध ताब्यात कधीच नव्हता. सावकारांना तर स्वतःचा मुलूखच नसे. अशा स्थितीत जोडीचे महत्त्व वाढणे स्वाभाविक होते.

या धावेचे मराठी इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण औरंगाबादच्याच वाटेवरचे आहे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी भाऊसाहेबांच्या मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. वाटेत सावकारांचे पत्र घेऊन जाणारा एक कासीद त्यांच्या लष्करातून जात असता त्याला पेशव्यांपुढे आणण्यात आले. पत्र फोडले, आणि मोती, मोहरा, रुपये व तांब्याची नाणी यांच्या सांकेतिक भाषेतून विश्वासराव व भाऊसाहेब यांच्यासह झालेल्या भयंकर संहाराची वार्ता पेशव्यांस कळली. ही हकीकत मराठी वाचकास शाळेपासून ठाऊक असते. तथापि तिच्यातील एक तपशील सहसा कोणी लक्षात घेत नाही. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात असे नमूद केले आहे की, हा कासीद पानिपतहून औरंगाबादेस नवव्या दिवशी पोहोचण्याच्या कराराने निघाला होता. म्हणजे सिल्लोड व फुलंब्री यांवरून जाणारी ती वाट हा त्याच्या धावेचा शेवटचा भाग ठरला असता.

नऊ दिवस हा आकडा खरा मानता येईल काय?

पानिपतपासून दिल्ली, ग्वाल्हेर, भेलसा, बुऱ्हाणपूर या मार्गाने औरंगाबादचे अंतर स्थूलमानाने बाराशे ते तेराशे किलोमीटर भरते. नऊ दिवसांत ते तोडावयाचे तर रोज सुमारे एकशे चाळीस किलोमीटर, कोसांच्या भाषेत चाळिसांहून अधिक कोस पडतात. त्या काळची फौज दरमजल करीत निघाली तरी दिवसाला पाच-सहा कोसांपलीकडे फारशी जात नसे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अचाटपणा ध्यानी येतो. आधुनिक काळातील तुलना अधिक उद्बोधक आहे. ग्रीसचा यिआनिस कूरोस हा दूरच्या धावेतील असामान्य पुरुष. त्याने २००५ साली ऑस्ट्रेलियात सहा दिवसांत १,०३६ किलोमीटर अंतर काटले, म्हणजे रोज सुमारे एकशे सत्तर. पण ती धाव आखलेल्या मार्गावर होती, हाताशी अन्न, पाणी व मदतनीस होते, आणि तोही सहा दिवसच धावला. जंगल, नद्या, घाट व लुटारूंनी भरलेल्या मुलखातून सामान्य कासिदाने नऊ दिवस त्याच्या जवळपास वेग राखावा, हे पटणारे नाही.

शरीरशास्त्रही हेच सांगते. धावताना माणसाच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा खर्ची पडते. पंचावन्न किलोग्रॅम वजनाचा काटक माणूस एकशे चाळीस किलोमीटर धावला तर केवळ धावण्यासाठी त्याला सुमारे ७,७०० किलोकॅलरी लागतील. त्यात निव्वळ जिवंत राहण्याचा दीड हजारांच्या आसपासचा खर्च मिळवला म्हणजे रोजची गरज विश्रांत अवस्थेतील खर्चाच्या सुमारे सहापट होते. अमेरिका खंड धावून ओलांडणाऱ्यांच्या निरीक्षणावर आधारलेले एक संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष असा की, श्रम जसजसे अधिक दिवस चालतात तसतशी ही पट उतरत जाते व शेवटी अडीचपटीच्या आसपास स्थिरावते. त्यापुढे शरीर अन्नातून खर्च भरून काढू शकत नाही, ते स्वतःलाच खाऊ लागते. थोड्या दिवसांसाठी ही मर्यादा बरीच वर जाते हे खरे. पण गूळ, फुटाणे व सातूचे पीठ यांवर नऊ दिवस सहापट खर्च चालविणे मानवी देहाच्या आवाक्याबाहेरचे दिसते.

आता प्रत्यक्ष काय घडले ते पाहावे. गो. स. सरदेसाई यांनी ही भेट भेलसा येथे २४ जानेवारीस झाली असे दिले आहे. ग्रँट डफच्या कथनात नर्मदा ओलांडण्याचा प्रसंग आहे. पण पेशव्यांच्या हालचालींचा मेळ भेलशाशी अधिक बसतो. पानिपत ते भेलसा हे अंतर सातशे ते साडेसातशे किलोमीटर. संग्रामाच्या दिवशी सायंकाळीच कासीद निघाला असे धरले, तर दहा दिवसांत रोजची सरासरी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, म्हणजे बावीस-तेवीस कोस येते. या वेगाने खर्चाची पट साडेतीनच्या आसपास राहते, आणि ती दहा-बारा दिवस पेलणे कसलेल्या माणसाला शक्य आहे. याउलट नऊ दिवसांचा करार अजून मोडलेला नव्हता असे मानावयाचे, तर कासीद १८ किंवा १९ जानेवारीस निघाला असला पाहिजे. सावकार चार दिवस हातावर हात ठेवून बसले हे संभवनीय वाटत नाही. औरंगाबाद ही त्या काळी मोठी पेठ होती, तेथील पेढ्यांवर उत्तरेच्या हुंड्या वटत, आणि ज्या बातमीने हुंडणावळ उलटीपालटी व्हावयाची तिचे मोल दर दिवशी घटत असते. तेव्हा कासीद तातडीने निघाला, पण कराराची मुदत त्याला पाळता आली नाही, हे अनुमान अधिक सयुक्तिक होय.

मग करारात नऊ दिवस आले कोठून? रोज एकशे चाळीस किलोमीटर म्हणजे दिवसरात्र न थांबता ताशी सहा किलोमीटरांहून किंचित कमी वेग. एका माणसाला हा अशक्य; टप्प्याटप्प्याने पत्र पुढे देणाऱ्यांना अगदी सहज. हा आकडा टप्प्याच्या डाकेचा आहे, जोडीच्या धावेचा नव्हे, असे यावरून वाटते. शांततेच्या काळात या मार्गावर जागोजागी माणसे उभी करून पत्र नऊ दिवसांत नेता येत असावे, व तीच मुदत करारात लिहिण्याचा प्रघात पडला असावा. पानिपतनंतर दिल्लीच्या आसपासचा मुलूख हवालदिल झाला, मार्गावरची माणसे जागेवर राहिली असतील असा भरवसा उरला नाही, आणि जे पत्र अनेकांच्या पायांनी जावयाचे ते निघाले त्याच पायांनी भेलशापर्यंत आले. टप्पे मोडले की जोडी उरते.

या धावेला एका गोष्टीचे साहाय्य झाले असले पाहिजे, व तिची दखल घेतलेली आढळत नाही. संग्रामाची तिथी पौष शुद्ध अष्टमी होती. तेथून पौर्णिमेपर्यंत चंद्र रोज वाढत गेला, आणि भेलशाच्या भेटीच्या सुमारास वद्य तृतीया-चतुर्थी उजाडली होती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक रात्रीचा मोठा भाग चांदण्याचा होता. हाच संग्राम अमावास्येच्या तोंडावर झाला असता तर पेशव्यांना ती वार्ता कित्येक दिवस उशिराच कळली असती. माघ-पौषातील थंडी, उतरलेल्या नद्या आणि चांदणी रात्र यांपेक्षा धावेला अनुकूल असा काळ दुसरा नाही. त्याच अंतराला आषाढात किती दिवस लागले असते, याची कल्पनाच करावी.

ग्रँट डफ एकाच कासिदाचा उल्लेख करतो. परंतु दोघांची जोडी पाठविण्याचा रिवाज इतका रूढ होता की कागदपत्रांत मोजदादच जोडीने होते, जशी बैलांची होते. या रिवाजाची कारणे शोधताना केवळ ‘सोबत असावी’ एवढे म्हणून भागत नाही. कारण वेगाच्या दृष्टीने पाहता जोडी तोट्याचीच आहे. दोघांत जो मंद त्याच्याच चालीने दोघांना जावे लागते. एकाचा पाय दुखू लागला, की दुसऱ्याचे बळ वाया जाते. तरीही अजुरा देणारा व्यवहारी सावकार दुप्पट खर्च करून दोन माणसे पाठवी. तो वेग विकत घेत नसून खात्री विकत घेत होता, हे याचे उत्तर होय. उदाहरणादाखल असे समजा की, दूरच्या धावेत दर पाच माणसांतील एक आजारपणाने, दुखापतीने वा वाटमारीने मध्येच खुंटतो. एकट्याकडे दिलेले पत्र पाचांत एकदा बुडेल. दोघांपैकी कोणीही एक पोहोचला तरी चालत असेल, आणि दोघांवरील संकटे निरनिराळी असतील, तर ते पंचविसांत एकदाच बुडेल. अर्थात लुटारू दोघांनाही एकदमच गाठतात, तेव्हा हा हिशेब इतका सरळ राहत नाही. पण ताप, मोडशी, विंचू, पायातला काटा आणि फोड ही नित्याची विघ्ने एका वेळी एकावरच येतात.

खात्रीचा दुसरा अर्थ विश्वासाचा आहे. जासुदाजवळचे पत्र पुष्कळदा त्याच्या जिवापेक्षा मोलाचे असे, आणि ते विकत घेणारे वाटेत भेटत. एकट्याचे मन वळविणे सोपे. दोघांचे एकदम वळविणे अवघड, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची चोरी असते. शिवाय तोंडी निरोप असेल तर तो दोघांच्या स्मरणात राही, व एकाच्या सांगण्याला दुसऱ्याची साक्ष मिळे. सोबती हा मित्र होता तसाच पहारेकरीही होता. या दोन गोष्टी आज परस्परविरोधी वाटतात, पण त्या काळच्या धंद्यात त्या एकाच माणसात नांदत.

तिसरे कारण धावेच्या अंतरंगातले आहे. अनेक दिवसांच्या धावेत पायांच्या आधी झोप घात करते. तिसऱ्या-चौथ्या रात्री माणूस चालता चालता झोपतो, फाट्यावर चुकतो, नसलेली माणसे पाहू लागतो. आजच्या धावपटूंचे अनुभव याबाबत एकसारखे आहेत. दोघे असले की एकाने तासभर झाडाखाली पडावे व दुसऱ्याने जागावे, हे साधते. एकट्याला निजण्याचे भय वाटते, कारण उठविणारा कोणी नसतो. आणि न निजण्याचेही भय असते. याखेरीज बरोबरीने टाकलेल्या पावलाचा म्हणून एक गुण आहे. ऑक्सफर्ड येथील वल्हेकऱ्यांवर केलेल्या व २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, तेवढाच व्यायाम एकट्याने करण्याऐवजी एका लयीत मिळून केला तर वेदना सोसण्याची शक्ती अधिक वाढते. जाते ओढणाऱ्या बायांना व पालखी वाहणाऱ्या भोयांना हे प्रयोगावाचून माहीत होते. जासुदांनाही ते माहीत असावे, असे मानण्यास हरकत नाही.

युरोपात आल्प्स पर्वत ओलांडणारी ‘ट्रान्सआल्पाइन रन’ ही अनेक दिवसांची शर्यत २००५ साली सुरू झाली, ती दोघांच्या संघांसाठी. सोबत्याला मागे सोडून पुढे निघून जाण्याची तीत मुभा नाही; संघाची वेळ दोघे मिळून पोहोचण्याची. येथे मराठी जासूदजोडीशी साम्य आहे तसा एक मूलभूत भेदही आहे. शर्यतीत एक जण पडला की संघ बाद होतो. जासूदजोडीत एक पडला तर दुसऱ्याने त्याला गावच्या पाटलाच्या हवाली करून पुढे निघावे, हीच त्या जोडीची मूळ उपयुक्तता. खेळात सोबतीसाठी धाव असते, धंद्यात धावेसाठी सोबत असते. सोबत्याला आडगावी टाकून निघालेल्या जासुदाच्या मनाची अवस्था कोणत्याही दप्तराने नोंदविलेली नाही, कारण दप्तराला कोणते पत्र कोणत्या दिवशी पोचले एवढेच हवे होते.

आता पुन्हा फुलंब्रीच्या वाटेकडे. अजिंठ्याचा घाट चढून आल्यावर औरंगाबाद सुमारे शंभर किलोमीटर राहते. हा भाग पठाराचा, काळ्या जमिनीचा, चढउतार थोडा असा आहे. थकलेल्या पायांना तो घाटापेक्षा सुखाचा. रोज सत्तर किलोमीटरांचा हिशेब धरला तर घाट ओलांडून पुढे सिल्लोडच्या आसपास पडलेल्या जोडीला फुलंब्री पस्तीस किलोमीटरांवर व तेथून नगर तीस किलोमीटरांवर, असा अखेरच्या दिवसाचा पल्ला पडे. परंतु नगराला तट होता (तो औरंगजेबाच्या कारकिर्दीत १६८२ च्या सुमारास बांधला गेला) आणि तटबंद शहराचे दरवाजे रात्री बंद होत. संध्याकाळनंतर हर्सूलपर्यंत जाऊन उपयोग नव्हता. तेव्हा दिवसा फुलंब्रीपर्यंत यावे, नदीवर हातपाय धुवून थोडी झोप घ्यावी, मध्यरात्रीच्या सुमारास उठावे आणि चौक्याचा घाट उतरून पहाटे दरवाजा उघडताना तेथे हजर असावे, हाच व्यवहार्य मार्ग होता. ताशी सहा किलोमीटरांच्या चालीने हे पाच तासांचे काम आहे. फुलंब्रीसारख्या गावांचे इतिहासातील स्थान अशा हिशेबातून ठरते. तेथे लढाई झाली की नाही यापेक्षा, शहराच्या दारापासून ते नेमके एका रात्रीच्या अंतरावर होते, ही गोष्ट धावणाऱ्याच्या लेखी मोठी.

इंग्रजी अमलात टपालाचे कायदे झाले, १८५५ पासून तारायंत्र लोकांसाठी खुले झाले, आणि १९०० साली मनमाडकडून हैदराबादकडे जाणारी रेल्वे औरंगाबादेत आली. दूरचे पत्र पायांनी नेण्याची गरज तेथे संपली. रेल्वे व पक्का रस्ता जेथे नव्हता तेथे टपालखात्याचा हरकारा विसाव्या शतकातही घुंगरांची काठी घेऊन धावत होता. पण त्याचा पल्ला काही मैलांचा, ठरलेला, आणि त्यापुढे दुसरा हरकारा उभा. तो इब्न बतूताच्या धावणाऱ्याचा वारस होता. त्याला पानिपत ते औरंगाबाद जावयाचे नव्हते, त्यामुळे त्याला सोबतीही देण्यात आला नाही.